गाडीच्या पोटातली काजळी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचं हे लेखी रूप.)



आज पापड-मसाल्याबद्दल बोलायचं नाही आणि कर्जाच्या हप्त्याबद्दलही नाही. आज गाडीबद्दल बोलायचं आहे. आपल्यातल्या कितीतरी गटांनी माल बाजारात न्यायला जुनी डिझेल जीप घेतली आहे. कुणाच्या घरची गाडी वडापला चालते, कुणाची शाळेची मुलं नेते. गाडी चालू आहे तोवर तिच्याकडे आपलं लक्ष नसतं. ती बंद पडली की मात्र गॅरेजवाला सांगेल ते खरं मानून आपण पैसे मोजतो. आमचंही तसंच होणार होतं. थोडक्यात वाचलो, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

आमच्या गटाची जीप सेकंड हँड, दहा वर्षं चाललेली. आठवड्यातून एकदा ती आमचा मसाला, पापड, कुरडया घेऊन चिपळूणला उतरायची आणि येताना कोकम, सुकट घेऊन यायची. गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. येताना कुंभार्ली घाटात गाडीनं दम टाकला. पोफळी सोडली आणि चढ लागला तशी गाडी ओढेना. पहिल्या गिअरवर रडतरखडत चाललेली, आणि मागे काळा धूर एवढा की मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. आम्ही चौघी खाली उतरलो, गाडीच्या मागून चढ चढलो. वर हेळवाकला पोचेपर्यंत रात्र झाली होती.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर भाऊनं गाडी गॅरेजला नेली. तिथून फोन आला, "ताई, इंजिनचं काम निघालंय. पंप, इंजेक्टर, हेड सगळं खोलावं लागेल. चाळीस हजार धरून चाला." संध्याकाळी गटाची बैठक बसली. गटाच्या खात्यात पैसे होते, पण ते दोघींना पेरणीसाठी द्यायचे ठरले होते. तेवढ्यात आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी विचारलं, "अगं, पण नक्की बिघडलंय काय? त्यानं काही काढून दाखवलं का?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. ते विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मग आम्ही दोघी स्वतः गाडीबरोबर दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं आधी एअर फिल्टर बघितला, नळ्या चाचपल्या, आणि मग इंजिनच्या बाजूचा मुठीएवढा एक भाग चार बोल्ट खोलून काढला. आत बघतो तर काय, बोट जाईल एवढं तोंड होतं, त्यात आता काडी जाईना. सगळी चिकट काळी काजळी. "ईजीआर चोक झालाय ताई," मिस्त्री म्हणाला, "इंजिन चांगलं आहे." अर्ध्या दिवसात तो भाग साफ झाला. पुढच्या आठवड्यात तीच गाडी, तेवढंच वजन घेऊन, तोच घाट चढली.

तर हे ईजीआर म्हणजे काय, ते का तुंबतं, कसं साफ करतात आणि त्यात आपण काय बघायचं, ते आज सांगते.

धूर परत इंजिनात कशाला?

इंजिनात डिझेल जळतं. जळून झालेला धूर एका बाजूनं सायलेन्सरकडे जातो. दुसऱ्या बाजूनं इंजिन ताजी हवा ओढून घेतं. जुन्या गाड्यांत या दोन वाटा वेगळ्या होत्या. पुढे त्यांच्यामध्ये एक छोटी नळी आणि त्या नळीवर एक झडप आली. या नळीतून थोडासा धूर परत ताज्या हवेत मिसळून इंजिनात जातो. या सोयीला ईजीआर म्हणतात, आणि झडपेला गॅरेजात ईजीआर व्हॉल्व्ह म्हणतात.

तुम्ही म्हणाल, धूर बाहेर टाकायचा सोडून परत आत कशाला? त्याला कारण आहे. आपण श्वास घेतो त्या हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि २१ टक्के ऑक्सिजन. एरवी हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण इंजिनात जाळ फार तापला, साधारण १,५०० अंश सेल्सिअसच्या वर गेला, की त्यांचा संयोग होऊ लागतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हा वायू छातीला वाईट. लहान मुलांना, दमेकऱ्यांना त्याचा जास्त त्रास होतो. तोच वायू उन्हात इतर धुरांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतो, तोही फुप्फुसांना बाधतो.

आता चूल आठवा. फुंकणीनं वारा घातला की जाळ भडकतो. वारा कमी केला की जाळ शांत होतो. जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन कमी असतो. तो थोडा परत हवेत मिसळला की इंजिनातला जाळ जरा थंडावतो आणि तो वाईट वायू कमी तयार होतो. एवढंच काम या झडपेचं.

ही झडप सारखी उघडी नसते. गाडी सपाट रस्त्यावर एका चालीनं चालली असेल तेव्हा ती उघडते. चढावर पूर्ण जोर लागतो, तेव्हा इंजिनाला सगळी ताजी हवा हवी असते, म्हणून ती बंद होते. हे लक्षात ठेवा, कारण आमच्या गाडीचं दुखणं इथंच होतं. काजळीमुळे झडप अर्धी उघडी अडकली होती. चढावर इंजिनाला हवा पाहिजे होती आणि आम्ही त्याला धूर पाजत होतो.

हे सगळं आलं ते सरकारी नियमांमुळे. धुराच्या नियमांना आपल्याकडे भारत स्टेज म्हणतात. २०१० साली देशभर तिसरा टप्पा लागू झाला आणि मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत चौथा टप्पा सुरू झाला. चौथा टप्पा साऱ्या देशात १ एप्रिल २०१७ पासून आला आणि सहावा १ एप्रिल २०२० पासून. आपल्या गटांकडच्या बऱ्याच डिझेल गाड्या या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या आहेत, आणि त्या काळातल्या डिझेल गाड्यांत ईजीआर सर्रास असतं. आपल्या आजोबांच्या वेळच्या जीपला हे दुखणं नव्हतं, कारण तिला हा अवयवच नव्हता.

तुंबतं कसं?

चुलीवरच्या भिंतीला नुसत्या धुराची काजळी बसते. कुंच्यानं झाडली की पडते. पण जिथं रोज तळण असतं तिथल्या एक्झॉस्ट पंख्याची पाती बघा. तिथं काजळी आणि तेलाची वाफ एक झालेली असते. झाडून जात नाही, खरवडावी लागते.

गाडीतही तेच होतं. धुरातून काजळी येते. इंजिन ऑइलची थोडी वाफ एका नळीनं ताज्या हवेच्या वाटेत सोडलेली असते, तिथून तेल येतं. दोन्ही झडपेजवळ भेटतात आणि डांबरासारखा थर बसायला लागतो. वर्षानुवर्षं थर वाढतो. एक दिवस झडप पूर्ण मिटत नाही किंवा उघडतच नाही.

थोडी काजळी प्रत्येक गाडीत बसणारच. पण ती लवकर बसण्याची कारणं आपल्या हातातली आहेत.

पहिलं कारण, कमी अंतराच्या फेऱ्या. गावातून फाट्यावर, फाट्यावरून गावात. इंजिन नीट तापायच्या आत बंद. गार इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी जास्त होते.

दुसरं, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं. वडापची गाडी सीट भरेपर्यंत स्टँडवर अर्धा तास घुरघुरत उभी असते. डिझेलही जातं आणि नळ्याही तुंबतात.

तिसरं, घाण एअर फिल्टर. आपल्याकडे धुळीचे रस्ते, उसाच्या हंगामात तर विचारूच नका. हवा कमी, काजळी जास्त.

चौथं, खराब इंजेक्टर किंवा भेसळीचं डिझेल. पाचवं, इंजिन ऑइल खुणेपेक्षा जास्त भरणं, किंवा टर्बोतून ऑइल गळणं. ही कारणं तशीच राहिली तर आज साफ केलेली झडप काही महिन्यांत परत तुंबते. म्हणून नुसती साफ करून भागत नाही, का तुंबली ते शोधावं लागतं.

ओळखायचं कसं?

झडप उघडी अडकली असेल तर गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, मिसिंग मारतं, कधी बंद पडतं. चढाला ओढत नाही. रेस दिली की काळा धूर. ॲव्हरेज पडतं.

झडप बंद अडकली असेल तर गाडी चालवताना फारसं जाणवत नाही. पण तो वाईट वायू जास्त बाहेर पडतो, आणि ज्या गाडीत सेन्सर आहेत तिथं डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो.

असा दिवा लागला तर गॅरेजवाला स्कॅनर जोडून नंबर वाचतो. तो नंबर आपण वहीत उतरून घ्यावा. पी ०४०१ म्हणजे नळीतून धूर कमी येतो आहे, वाट तुंबलेली असू शकते. पी ०४०२ म्हणजे धूर गरजेपेक्षा जास्त येतो आहे, झडप उघडी अडकलेली असू शकते. नंबर म्हणजे निकाल नव्हे. कुठं शोधायचं ते तो सांगतो. तुटकी वायर किंवा फाटकी नळी असली तरी असे नंबर येतात.

आणि एक सांगते. काळा धूर आणि कमी पिकअप म्हणजे ईजीआरच, असं समजू नका. एअर फिल्टर तुंबला तरी तसंच होतं. टर्बोची हवेची नळी फाटली तरी तसंच. इंजेक्टर खराब असले तरी तसंच. म्हणून स्वस्त तपासणी आधी, महाग मागून. आधी एअर फिल्टर, मग हवेच्या नळ्या आणि क्लिपा, मग डिझेल फिल्टर, मग ईजीआर, आणि त्यानंतर पंप-इंजेक्टर. आमच्या पहिल्या गॅरेजनं शेवटून सुरुवात केली होती.

धुराचा रंगही बघून ठेवा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर ते वेगळं दुखणं. काही गाड्यांत धूर थंड करायला ईजीआर कूलर असतो. तो आतून फुटला की कूलंट बाहेर न गळता इंजिनात जातं. अशी गाडी चालवू नका. तिथं नुसती साफसफाई कामाची नाही.

साफ कशी करतात?

हे काम सरावाच्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. पण शेजारी उभं राहून बघा. ज्या मैत्रिणी मोटार मेकॅनिकचं शिक्षण घेत आहेत, त्यांनी हा क्रम लिहून घ्यावा.

इंजिन पूर्ण गार झालेलं पाहिजे. धुराची नळी चटका देते, म्हणून गाडी सकाळी चालू न करता काम धरलेलं बरं. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवायचं. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचे: कोणती नळी कुठं, कोणती वायर कुठं. परत जोडताना हेच फोटो उपयोगी पडतात.

झडपा दोन प्रकारच्या असतात. काहींच्या डोक्यावर बारीक रबरी नळी असते, त्या व्हॅक्यूमवर चालतात. काहींना वायरचा प्लग असतो, त्यांच्या आत छोटी मोटर असते. व्हॅक्यूमची झडप असेल तर हाताच्या छोट्या पंपानं नळी ओढून बघतात. आतला दांडा वर उचलला पाहिजे आणि तसाच थांबला पाहिजे. लगेच खाली आला तर आतला पडदा फाटला आहे, मग साफ करून उपयोग नाही, झडप बदलावी लागते. डिझेल गाडीत बहुतेक वेळा याच व्हॅक्यूमवर ब्रेकही चालतो. म्हणून काढलेली प्रत्येक नळी घट्ट बसली की नाही ते बघितल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही. नळी सुटी राहिली तर ब्रेक जड होतो, आणि आपल्याकडे घाट आहेत.

झडप निघाली की तिच्याखालचं पॅकिंगही निघतं. ते सहसा परत वापरू नये, नवं घालावं. जुनं पॅकिंग बसवलं की धूर फुसफुसतो आणि आठ दिवसांत परत तीच कटकट.

आता काजळी. ती कोरडी उडू द्यायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं आहे. म्हणून मास्क, हातमोजे, चष्मा. आधी क्लीनरचा फवारा मारून काजळी ओली करायची, थोडा वेळ मुरू द्यायची. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायची आणि मऊ पितळी ब्रशनं घासायची. स्क्रू-ड्रायव्हरनं जोरानं खरवडलं तर झडप जिथं बसते त्या गोल कडेला चरे पडतात, आणि मग ती कधीच घट्ट मिटत नाही.

व्हॅक्यूमच्या झडपेचा रबरी पडदा आणि मोटरच्या झडपेचा विजेचा भाग यांना क्लीनर लागू द्यायचं नाही. अख्खी झडप बादलीत बुडवून ठेवणारे मिस्त्री मी बघितले आहेत. नुसत्या लोखंडी नळीला ते चालतं. मोटर बुडवली तर ती गेली. मोटरच्या झडपेचा दांडा पकडीनं ओढायचाही नाही, आतले दाते तुटतात.

झडपेइतकीच तिची वाट महत्त्वाची. पुष्कळदा झडप चकचकीत करून बसवतात आणि नळी तशीच तुंबलेली राहते. नळीच्या दोन्ही टोकांतून उजेड दिसला पाहिजे. हवा इंजिनात नेणारा जो फाटा असतो, त्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात, त्याच्या तोंडाशीही थर असतो. तो साफ करताना खरवडलेले खडे इंजिनात पडता कामा नयेत. पुढच्या भोकाशी स्वच्छ फडकं लावायचं आणि शेवटी ते आठवणीनं काढायचं. थर फारच असेल तर मॅनिफोल्ड काढून बाहेर साफ केलेला चांगला. वेळ जातो, पण काम खात्रीचं.

सगळं कोरडं पुसून, क्लीनर पूर्ण उडून गेल्यावरच जोडायचं. ते पेट घेतं. जवळ बिडी, चूल, वेल्डिंग काही नको. गाडी चालू केल्यावर आत राहिलेल्या अंशाचा थोडा वेळ धूर येतो, घाबरू नका. रेस मारू नका. पॅकिंगजवळ फुसफुस ऐकू येते का बघा. दिवा लागलेला होता ती गाडी असेल तर स्कॅनरनं जुना नंबर पुसायचा. मोटरच्या झडपेला काही गाड्यांत स्कॅनरवरून तिची जागा परत शिकवावी लागते. मग मिस्त्रीला शेजारी बसवून चढाचा एक फेरा मारायचा. पैसे त्यानंतर.

काळी फडकी आणि क्लीनरचं पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे टाकायचं नाही. आणि ती फडकी चूल पेटवायला घरी आणायची नाहीत.

काय करायचं नाही?

आमच्या मिस्त्रीनंच काम झाल्यावर सांगितलं, "ताई, परत त्रास नको असेल तर एक पत्रा कापून मध्ये बसवतो. वाटच बंद. कायमची कटकट मिटली." पुष्कळ गॅरेजांत हा सल्ला मिळतो. खरं सांगते, पत्रा बसवल्यावर गाडी जरा बरी ओढते, काळा धूरही कमी दिसतो. पीयूसीमध्येही पकडली जाईल असं नाही, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत.

म्हणूनच हा सल्ला फसवा आहे. दिसणारा धूर कमी होतो आणि न दिसणारा वायू वाढतो. आमची जीप रोज सकाळी शाळेच्या फाटकासमोर उभी राहते. सायलेन्सरच्या उंचीला कुणाचं नाक असतं? पहिली-दुसरीतल्या पोरांचं. आम्ही बैठकीत हे बोललो आणि पत्र्याला नाही म्हणालो. शिवाय गाडीला बसवून दिलेली प्रदूषण रोखणारी सोय बंद करणं कायद्यातही बसत नाही, आणि सेन्सरच्या गाडीत पिवळा दिवा लागून राहतो. तो कायम लागलेला असला की उद्या दुसरं काही बिघडलं तरी कळत नाही.

दुसरं, टाकीत ओतायची बाटली. "ही ओता, ईजीआर साफ होईल" असं सांगून विकतात. टाकीतलं औषध डिझेलबरोबर इंजिनात जळून जातं. झडपेवर बसलेला डांबरी थर त्यानं निघत नाही.

तिसरं, चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या तोंडात मन मानेल तसा फवारा मारणं. हे धोक्याचं आहे. डिझेल इंजिन ठिणगीवर चालत नाही, आत पेटणारं काही मिळालं की ते वेग धरतं आणि चावी बंद करूनही लवकर थांबत नाही.

चौथं, दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

गटानं काय ठरवलं?

आम्ही गाडीची एक वही केली. बचतीची वही असते तशीच. तारीख, किलोमीटर, किती डिझेल भरलं, काय काम केलं, कोणता भाग बदलला. महिन्याच्या बैठकीत ती वाचायची. ॲव्हरेज हळूहळू पडत असेल तर वहीत आधी दिसतं, घाटात नंतर. आमच्या जीपचं ॲव्हरेज बिघाडाच्या चार महिने आधीपासून पडत होतं. बिलं आमच्याकडे होती. ती एका जागी लावून बघितली नव्हती, एवढंच.

बाकीचे नियम साधे. पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. एअर फिल्टर दर महिन्याला काढून बघायचा. ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचं आणि खुणेपर्यंतच. आठवड्यातून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर एका चालीनं अर्धा-पाऊण तास चालली पाहिजे. त्यानं बसलेला थर निघत नाही, पण नवा कमी बसतो. ईजीआर दरवर्षी पावसाळ्याआधी उघडून बघायचं.

आणि गॅरेजात जाताना हे प्रश्न पाठ ठेवा:

- दादा, काय बिघडलंय, आणि ते कशावरून ठरवलं?
- तो भाग काढून दाखवाल का?
- साफ होईल की बदलावाच लागेल? बदलायचा तर का?
- नळी आणि मॅनिफोल्डचं तोंडही साफ करणार ना?
- पॅकिंग नवं घालणार ना?
- परत तुंबू नये म्हणून कारण शोधलं का?
- जुना भाग परत मिळेल का?

हे प्रश्न भांडायला नाहीत. चांगला मिस्त्री उलट खूश होतो, कारण त्याचं काम कुणीतरी समजून घेतं आहे. आमचा मिस्त्री तर आता आधी भाग हातात देतो आणि मग बोलतो. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर गाडी तिथं खोलू देऊ नका. एकदा इंजिन खोललं की आपल्या हातात काही राहत नाही.

"गाडीतलं बायकांना काय कळतं" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. खरं म्हणजे धूर, काजळी, तुंबलेलं धुराडं, तेलकट थर हे आपल्याइतकं कुणाला कळतं? आपण ते जन्मभर साफ करत आलो आहोत. फक्त तेच गाडीच्या पोटातही असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी दोघींची पेरणी वेळेवर झाली. गटाचे पैसे जिथं जायचे तिथंच गेले. काकूंनी तो एक प्रश्न विचारला नसता, तर ते एका नळीतल्या काजळीत गेले असते.

तुमच्या गाडीची वही आजच सुरू करा. पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा.